नाव : बाळ

१

जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, गॅसचं बटण दोनदा बघून झालं, की सुचिता क्षिप्राला हॉलमधल्या गादीवर निजवायची. साडेतीन वर्षांची पोर, पाठीवर चार थापा पडल्या की झोपायची. मग सुचिता दार सताड उघडायची, वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला गव्हाचा डबा टेकवायची आणि समोरच्या घरात जायची. मधे पॅसेज फक्त चार पावलांचा. समोरचंही दार उघडंच असायचं. तिथली खुर्ची तिनं स्वतः लावून घेतली होती, टेबलाच्या अशा बाजूला की मान वर केली की दोन्ही दारांतून थेट आपली गादी दिसावी.

"वहिनी, तुमच्या पोरीइतका बंदोबस्त अख्ख्या जुईनगरात मंत्री आला तरी नसतो," निशांत म्हणायचा.

"असू दे. तुमचं काय जातंय?"

निशांत आणि त्याची मोठी बहीण तेजश्री, दोघंच राहायची. तेजश्रीचा पाय प्लास्टरमध्ये होता म्हणून ती दोन महिने घरी होती. निशांत घरूनच कॉम्प्युटरवर नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात खेळ बनवायचा. मोबाइलवरचे नाहीत. टेबलाभोवती बसून तोंडाने खेळायचे. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि कुठे अडलं की फासा टाकायचा. ह्या वेळच्या खेळात मात्र माणसं नव्हती. देवदूत होते.

"आपल्यात कुठे असतात देवदूत?" सुचितानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"आपल्यात डायरेक्ट देवच येतो," तेजश्री म्हणाली. "अंगात."

तिला बोलावलं होतं ते अक्षरासाठी. सोसायटीच्या हळदीकुंकवाचा फळा तिनं लिहिला होता, तो निशांतनं बघितला. त्याला खेळाची कार्डं मराठीत, हाताने लिहिलेली हवी होती.

"मी सातवी शिकलेय हो," सुचिता म्हणाली.

"म्हणूनच. तुम्हाला नियम कळला तर कुणालाही कळेल."

"म्हणजे काय रे, ती ढ आहे?" तेजश्रीनं पाय लांब केलेल्या जागेवरूनच त्याला उशी फेकून मारली. मग सुचिताला म्हणाली, "बस ग. ही एकच का तुला?"

"एकच," सुचिता म्हणाली. हे उत्तर तिला आता पाठ झालं होतं.

२

निशांतचे देवदूत आधी ढगातल्या शहरात राहायचे. सोन्याचे मनोरे वगैरे. सुचितानं ते चालू दिलं नाही.

"ढगातून काय दिसणार, निशांतभाऊ? इकडे पोर ग्रिलवर चढली तर तिकडून खाली यायला किती वेळ?"

"मग ठेवू कुठे त्यांना?"

तिनं खिडकीतून बोट दाखवलं. स्टेशनाच्या अंगाला नवे टॉवर उठले होते. निम्मे फ्लॅट विकलेले, पण राहायला कुणी आलेलं नाही, नुसते घेऊन ठेवलेले. "त्यात. ज्या गॅलरीत कपडे वाळत नाहीत ना, तिथे ते राहतात."

निशांतनं त्या गॅलऱ्या बघितल्या. मग त्यानं सोन्याचे मनोरे खोडले.

नियम दोघांनी मिळून केले असं तेजश्री पुढे सगळ्यांना सांगायची. खरं तर निशांत विचारायचा आणि सुचिता घाबरायची, आणि ज्याला ती घाबरायची त्याचा नियम व्हायचा. देवदूताला झोप नाही, कारण डोळा लागला की संपलं. ज्या मुलावर त्याला नेमलं त्याच्यापासून तो हातभर अंतरापलीकडे जाऊ शकत नाही, कारण हात पोचला पाहिजे. मात्र देवदूताला काही उचलता येत नाही, हे निशांतचं. नाहीतर खेळ दोन मिनिटांत संपेल म्हणाला. देवदूताला तीनच गोष्टी येतात. वस्तू एक बोट सरकवायची, एक श्वासभर थांबवून धरायची, आणि कानात सांगायचं.

"आणि एकाकडे किती मुलं?" निशांतनं विचारलं. "तीन-चार देऊ? धावपळ होईल, मजा येईल."

"एक."

"दोन तरी—"

"एकच. दुसरं मधे आलं तर त्याला बाजूला करायचं. दोघांवर नजर राहत नाही." मनात नव्हतं इतका तिचा आवाज चढला. तेजश्रीनं मोबाइलमधून वर बघितलं. निशांतनं लिहून घेतलं.

मग प्रत्येकानं आपापल्या देवदूताचं कार्ड भरायचं होतं. कुणावर नेमला, त्याचं नाव आणि वय. तेजश्रीनं लिहिलं : 'निशांत, वय तेहतीस, अक्कल पाच.' सुचितानं पेन हातात धरलं आणि तिचा हात अडला. असं कुठल्याही कागदावर लेकराचं नाव लिहायचं, तो कागद चार लोकांत फिरणार, कुणाच्याही पायाखाली येणार. तिच्या गावात असं कुणी करत नसे. क्षिप्राच्या दप्तरावरसुद्धा तिनं नुसतं आडनाव टाकलं होतं.

तिनं लिहिलं : 'नाव : बाळ.' वयाची जागा कोरी ठेवली.

३

पहिल्यांदा पूर्ण खेळले तो बुधवार. बाहेर ऊन कडक. खाली सोसायटीच्या टाकीचा पंप घरघरत होता. निशांत गोष्ट सांगत होता आणि सुचिताच्या नकळत तिला ती आवडायला लागली होती.

"दुपारची वेळ आहे," तो म्हणाला. "बाळ घरात आहे. आई आतल्या खोलीत. वहिनी, तुमचं बाळ किती वर्षांचं?"

"पाच," सुचिता म्हणाली.

निशांतनं लिहिलं आणि पुढे निघालासुद्धा. तेजश्री हसली. "क्षिप्रा पाचची कधी झाली ग? शाळेत लवकर घालायचा विचार दिसतोय."

सुचिता पण हसली. चुकून तोंडून गेलं म्हणाली. आणि चुकूनच गेलं होतं. गोष्टीच्या भरात माणूस काहीही बोलतं.

"बरं, देवदूत काय करतोय?"

"सरकवतोय."

"काय?"

तिला माहीत नव्हतं. तिनं टेबलावरचा फासा उचलून टाकला. पंप बंद झाला. एकदम इतकं शांत झालं की समोरच्या घरात पंखा फिरत होता तोही ऐकू यायला लागला. तिनं मान वर करून दोन्ही दारांतून बघितलं.

गादीच्या मधोमध निजवलेली क्षिप्रा डाव्या काठावर होती, भिंतीच्या बाजूला. एक हात खाली लादीवर लोंबत होता. बाकी सगळी गादी रिकामी.

लहान मुलं लोळतातच. सुचितानं जाऊन तिला मधे ओढली, पाठीवर थोपटलं आणि परत आली. फाशावर सहा पडले होते.

"जमलं," निशांत म्हणाला. "सरकली वस्तू."

४

त्यानंतर रोज. सुचिता पोरीला मधे निजवायची आणि अर्ध्या तासात पोर काठावर. तिनं उजवीकडे निजवून बघितलं, उशा लावून बघितल्या. उशा जागच्या जागी राहायच्या, क्षिप्रा त्यांच्या पलीकडे लादीवर. गादी डबल होती. नवऱ्याची, अंकुशची, दिवसाची पाळी असली की रात्री तिघं तिच्यावर ऐसपैस मावायची.

अंकुश न्हावा शेव्याच्या बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. तिनं त्याला सांगितलं तेव्हा तो शर्टाची बटणं लावत होता.

"सुचे, पोरगी झोपेत लोळते, त्याचं पण टेन्शन?"

"अहो, लोळत नाही. सरकते."

"फरक काय?"

 फरक तिनं बघितला होता. क्षिप्रा जागेपणी पण भिंतीला धरून चालायला लागली होती. स्वयंपाकघरात येताना दारात थांबायची, अंग चोरून घ्यायची, मग आत यायची. भरल्या घरात लग्नाच्या पंगतीत मुलं वाट काढतात तशी. एका दुपारी सुचितानं तिला लादीवरून उचलून गादीवर ठेवलं तर ती झोपेतच कुरकुरली, "आई, जागा नाय."

वरणाचं पातेलं सुचिता जेवताना स्वतःच्या मागे ठेवायची, क्षिप्राच्या हाताला लागू नये म्हणून. आता तिनं लाद्यांची रेघ धरली. पातेलं रेघेच्या आत ठेवलं. ताटं वाढून बघितलं तर ते रेघेवर एक बोट आलेलं. तिला वाटलं, आपणच पळी घालताना हलवलं. दुसऱ्या दिवशी पळी घातलीच नाही. तरी एक बोट. तिनं ते परत मागे ढकललं, स्वतःशीच पुटपुटली, "येडी झालीस तू."

तिसऱ्या दिवशी ती मीठ आणायला उठली आणि मागे पातेलं कलंडलं. क्षिप्राच्या मनगटावर वरण उडालं. पोर किंचाळली. सुचितानं तिला उचलून नळाखाली धरलं, फुंकरा घातल्या, रडली, तिला रडू नको म्हणाली. सगळं झाल्यावर तिनं लादीकडे बघितलं. वरण एकाच अंगाला सांडलं होतं, क्षिप्राच्या. दुसऱ्या अंगाची लादी, जिथे कुणीच बसत नव्हतं, कोरडी ठणठणीत होती.

म्हणजे पातेलं सरकत होतं ते कुणाला तरी भाजू नये म्हणूनच. फक्त ते कुणीतरी क्षिप्रा नव्हतं.

५

मलम तेजश्रीकडे होतं. तिनं क्षिप्राला मांडीवर घेऊन मनगटाला लावलं, फुगा फुगवून दिला. सुचिता टेबलाशी उभी होती. समोर कार्डं पडली होती. तिचं कार्ड वर होतं. कोरी जागा निशांतनं भरली होती.

'नाव : बाळ. वय : ५.'

अक्षर तिचं, आकडा त्याचा. ती बघत राहिली. 

क्षिप्राच्या आधी एक होती. नऊ दिवसांची. हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलेली. पेटीला गोल भोक होतं, त्यातून नर्स दिवसातून एकदा एक बोट आत घालू द्यायची. एकच बोट. त्या बोटानं सुचितानं तिच्या तळव्याला, पोटरीला, एकदा गालाला हात लावला होता. पायाला पट्टी होती, तिच्यावर लिहिलेलं 'सुचिताचं बाळ'. बारसं बाराव्या दिवशी करायचं, घरी गेल्यावर. नाव तेव्हाच ठेवायचं, आधी नाही. दहावा दिवस आलाच नाही. पुरुषमाणसं तिला सासरच्या गावी, नावड्याच्या खाडीकडे घेऊन गेली आणि सुचिता वॉर्डात पडून राहिली. फोटो नाही, झबलं नाही, नाव नाही. सगळे म्हणायचे, 'ते बाळ.' मग तेही म्हणायचे बंद झाले.

ती असती तर आता पाचवं पुरं होत आलं असतं.

क्षिप्राला सुचितानं कधीच बाळ म्हटलं नव्हतं. छकुली, चिमणे, माकडे, वाट्टेल ते म्हटलं होतं. तो शब्द तिच्यापुरता एकीचाच होता, आणि तिनं तो आपल्या हातानं, चांगल्या वळणदार अक्षरात, नावाच्या जागी लिहून दिला होता.

"अग, काय झालं? पांढरी पडलीस," तेजश्री म्हणाली.

"काय नाय. ऊन लागलं."

कागदाचा खेळ, तिनं स्वतःला सांगितलं. फासा, चार कार्डं आणि बोलणं. बोलण्यानं कोण येतं? पण तिलाच आठवलं की नियम तिनंच केला होता. एकच. दुसरं मधे आलं तर बाजूला करायचं.

६

"हे फाडा," ती निशांतला म्हणाली.

त्यानं कारण विचारलं नाही. कार्ड फाडलं, चार तुकडे केले, कचऱ्यात टाकले. "नवीन करू. क्षिप्राचं नाव टाकू या?"

"नको."

दुसऱ्या दुपारी क्षिप्रा परत गादीवरून खाली, लादीवर होती. त्या वेळी सुचिता समोर गेलीच नव्हती. दाराशी बसून गहू निवडत होती, आणि गहू निवडता निवडता एका क्षणाला नजर सुपात होती तेवढ्यात पोर सरकली होती.

संध्याकाळी तिनं खेळाचंच विचारतेय असं दाखवून विचारलं. "निशांतभाऊ, नेमणूक संपते कशी?"

"ते अजून ठरवतोय. बघा हं, मुलाच्या कानात त्याचं नाव सांगायचं. शेवटचं. की देवदूत मोकळा, मूल मोकळं. मग ते नाव परत कुणी घ्यायचं नाही. घेतलं तर परत नेमणूक." तो पेन चावत होता. "कसं वाटतंय?"

"आणि नावच नसलं तर?"

"कुणाला नाव नसतं?"

 निशांतनं पेन खाली ठेवलं. "वहिनी, तुम्हाला त्रास होतोय का ह्याचा? बंद करू आपण."

"बंद करून होईल का?" ती म्हणाली, आणि त्याला तो नेहमीसारखा नियमाचाच प्रश्न वाटला. त्यानं तो लिहून घेतला.

घरी येऊन तिनं सासूला फोन लावला. यशोदाबाई नावड्याला दिराकडे राहायच्या.

"आई, तेव्हा तुमी नाव ठरवलेलं का? पहिलीचं?"

पलीकडे कोंबड्यांची कुकुकु ऐकू येत होती. मग म्हातारी म्हणाली, "आज कशाला गो काढतेस त्या? पोर बरी हाय ना?"

"बरी आहे. सांगा ना."

"नाय ठरवलं. आनि आता ठेवू पन नको. गेलेल्या लेकराला नाव नाय ठेवत बाय. बिननावाचं हाय तवर त्याला वाट मोकली हाय. नाव ठेवलं की ते थांबतंय. आपल्यालाच हाक मारतात, म्हनून."

फोन ठेवल्यावर सुचिता ओट्याला टेकून उभी राहिली. एक सांगत होता, नाव दिलं की जातं. एक सांगत होती, नाव दिलं की राहतं. एकाचा खेळ होता आणि एकीनं सहा लेकरांपैकी दोन पुरली होती. आणि दोघांचं खोटं असलं, सगळं तिच्या डोक्यातलंच असलं, तर? तसं असावं म्हणून तिनं देवाला हात जोडले.

७

शनिवारी पाण्याला प्रेशर नव्हतं. ती बाथरूममध्ये बादली भरत होती. दाराला गव्हाचा डबा, गादीवर क्षिप्रा, दुपारचे तीन. बादली भरली आणि ती पदराला हात पुसत बाहेर आली.

गादीवर क्षिप्रा नव्हती. लादीवर नव्हती. दाराशी नव्हती.

ती पॅसेजच्या टोकाला होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर, कुशीवर, गाढ झोपलेली. अर्धं अंग पायरीच्या बाहेर. खाली अकरा पायऱ्या आणि लोखंडी कठडा.

सुचितानं हाक मारली नाही. चवड्यांवर गेली, वाकली, दोन्ही हात तिच्या खाली घातले आणि उचलली. पोर जागीसुद्धा झाली नाही. केसांत लादीवरची धूळ होती. गादीवरून लादीवर, लादीवरून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून जिन्यावर. बोट बोट करत. घराच्या बाहेर.

ती समोर गेली आणि क्षिप्राला तेजश्रीच्या पलंगावर ठेवलं.

"ताई, हिच्यावर हात ठेवून बसा. मी येईपर्यंत हात काढू नका."

"अग, पण—"

"हात काढू नका."

तेजश्रीनं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हात ठेवला.

सुचिता आपल्या घरात आली. गव्हाचा डबा बाजूला केला आणि दार लावलं. दुपारचं दार लावायची तिची ही पहिलीच वेळ. गादीकडे बघितलं. चादरीच्या मधोमध खळगा होता. क्षिप्रा रोज सरकत होती, तिथे तर कुणी झोपलेलंच नव्हतं.

बारशाला पाच बायका लागतात. पाळणा लागतो. नाव कानात सांगायला आत्या लागते. तिनं डब्यातून चिमूटभर साखर घेतली, बाकी काही सुचलं नाही. सगळ्यांचं तीच करणार होती. हे चुकलं, म्हातारीचं खरं निघालं, तर ती घराला कायमची एक हाक बांधून ठेवणार होती आणि क्षिप्राला त्या घरात वाढायचं होतं. चुकलं नाही, तर नाव ठेवायचं आणि त्याच श्वासात जा म्हणायचं. कुठली आई हे करते?

ती गादीशेजारी लादीवर आडवी झाली. तोंड खळग्याजवळ नेलं. पंख्याचा आवाज येत होता. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. आपण काय करतोय, वेडी बाई रिकाम्या चादरीशी बोलतेय, असं तिला एकदा स्पष्ट वाटून गेलं. तिनं डोळे मिटले आणि बारशाला म्हणतात तसं म्हणाली, "कुर्रर्र..."

ओठांना काहीतरी लागलं.

तिनं डोळे उघडले नाहीत. मग उघडले, पण एवढ्या जवळून काय दिसणार? कान दिसला. कानाची कड, तिच्यावरची सोनेरी लव, उन्हात असते तशी. तान्ह्या पोरीचा कान नव्हता तो. पाच वर्षांच्या मुलीचा, चांगला मोठा झालेला. पाळी गुळगुळीत, अखंड. टोचायची राहिलेली.

बाराव्या दिवशी टोचणार होते.

सुचितानं नाव सांगितलं. ते नाव तिनं नंतर कुणालाच सांगितलं नाही, म्हणून ते इथेही नाही. नाव सांगून झाल्यावर तिला जा म्हणायचं होतं. ते तोंडातून निघेना. ती दुसरंच बोलली. थंडी वाजते का, विचारलं. मी यायला पाहिजे होतं खाडीवर, म्हणाली. मग म्हणाली, "जा माझे माय. ती लहान आहे."

गादीच्या पलीकडे, हातभर अंतरावर, कुणीतरी उठलं. दिसलं काही नाही. फार वेळ मांडी घालून बसलेलं माणूस उठतं तेव्हा गुडघे वाजतात, तसे वाजले. आधी एक, मग दुसरा. आणि खळगा हळूहळू वर आला, चादर सपाट झाली. तिच्या ओठांवर साखरेचे दोन दाणे होते. तिनं स्वतः साखर तोंडात घातलीच नव्हती.

८

पंधरा दिवस गेले. क्षिप्रा गादीच्या मधोमध हातपाय पसरून झोपायला लागली. भिंतीला धरून चालायची बंद झाली. मनगटावरचा डाग फिकट झाला. निशांतचा खेळ पुढे चालला होता, तेजश्रीनं दोनदा हाक मारली, पण सुचितानं घरातल्या कामाचं कारण सांगितलं.

रविवारी सकाळी अंकुश घरी होता. गॅलरीत उन्हाला बसून क्षिप्राची नखं कापत होता. पोर त्याच्या मांडीवर ऐसपैस टेकून बसली होती, एकेक बोट पुढे करत होती. सुचिता कपडे वाळत घालत होती.

"आज सहावं लागलं असतं," अंकुश म्हणाला.

तिच्या हातातला शर्ट तसाच राहिला. पाच वर्षांत तो एकदाही काही बोलला नव्हता. तिला वाटायचं तो तारीख विसरला.

"तुला कधी बोललो नाही. मी नाव ठरवलेलं तेव्हा." तो नखंच बघत होता. "पेटीपाशी उभा राहायचो ना, तेव्हा मनातल्या मनात हाक मारायचो. खाडीवर पण मारली. अजून मारतो कधी कधी, गाडीत एकटा असलो की. रस्ता मोकळा असला की मोठ्यानं."

मांडीवर क्षिप्रा जराशी सरकली. एका बाजूला, अंग चोरून, कुणाला तरी जागा करून द्यावी तशी.

"सांगू तुला?" अंकुशनं मान वर केली. त्याचे डोळे भरले होते.

सुचितानं पुढे होऊन त्याच्या तोंडावर तळहात ठेवला. ओला, साबणाचा हात. त्याला वाटलं असेल ती त्याला धीर देतेय. तो थांबला नाही. इतकी वर्षं धरून ठेवलेलं होतं, ते तो तिच्या तळहाताच्या आतच बोलला, आवाज न करता.

तिनं ठेवलेल्या नावात ओठ कुठेच मिटत नव्हते. ह्या नावात ते दोनदा मिटले. तिच्या तळहाताला दोन्ही वेळा कळलं.

म्हणजे त्या पोरीचं आणखी एक नाव होतं. पहिलं होतं. बापानं ठेवलेलं, पेटीपाशी उभं राहून ऐकवलेलं, आणि त्यालाच ती वळून बघत होती. सुचिताला ते ऐकायचं होतं. एकदाच, मोठ्यानं, त्याच्या आवाजात. जन्मात दुसरं काही इतकं ऐकायचं नव्हतं.

तिनं एका हातानं क्षिप्राला मांडीवरून उचलून कडेवर घेतलं. दुसरा हात काढला नाही.